शेकरूचे डोळे लावलेली घोरपड

मीठ, तुरटी, काथ्या, भुसा, तार.

काचेवर नाकांचे ठसे. खालच्या बाजूला भरपूर, वर तुरळक. उंची वाढली की नाक दाबून बघायची हौस संपते.

एक रंगारी शिडीवर उभा आहे. तोंडातला ब्रश काढून खाली विचारतो आहे, "नक्की ना? नाहीतर परत बोलवाल."

मोजायची फीत. एका टोकाला नाक, दुसऱ्या टोकाला शेपटाचा शेवट.

एक मुलगी एका म्हाताऱ्या तळहातावर बोटाने गोल काढते. आधी मोठा, मग छोटा.

"डोळे बसवताना बोलायचं नाही."

मित्रांनो, मी एक जुनी घोरपड आहे. खरं सांगायचं तर घोरपडीचं कातडं, आत तार आणि काथ्या, आणि पुढे दोन काचेचे डोळे. यातलं कातडं माझं आहे. डोळे शेकरूचे आहेत. हे कसं झालं ते मी क्रमाने सांगणार आहे. पण माझ्या आत सगळं तुकड्यातुकड्यांनीच भरलेलं आहे, तेव्हा कुठे टाका दिसला तर सांभाळून घ्या.

*

लांबी

जिवंत होते तेव्हा मी प्राण्यांच्या बागेत एका खोल हौदात राहत होते. हौदात वाळू होती, एक वाळका ओंडका होता आणि वरून वाकून बघणारी तोंडं होती. शेकरू त्याच बागेत राहत होतं, पण पार दुसऱ्या टोकाला, उंच जाळीच्या पिंजऱ्यात. त्याच्याकडे लोक मान वर करून बघत आणि "अय्या, शेपूट बघ" म्हणत. माझ्याकडे मान खाली घालून बघत आणि "चल पुढे" म्हणत. फरक इथूनच सुरू झाला.

एका कडक हिवाळ्यात आम्ही दोघंही गेलो. ते म्हातारपणाने, मी गारठ्याने. संग्रहालयाच्या साहेबांना ही गोष्ट कळली आणि त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. त्यांनी फीत लावून आम्हाला मोजलं. नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत दोघांची लांबी जवळजवळ सारखी भरली, आणि दोघांच्याही लांबीत निम्म्याहून जास्त वाटा शेपटाचा होता. दोघंही झाडावर चढणारे. एकाला केस, एकीला खवले. एकाच्या अंगात गरम रक्त, एकीच्या अंगात उन्हावर चालणारं. साहेब खूश झाले. दोघांना एकाच कपाटात, एकाच फांदीवर ठेवायचं, बाजूला मोठी पाटी लावायची आणि वर लिहायचं: दोघांची तुलना करा.

आयुष्यात ज्याचं तोंड पाहिलं नाही, त्याच्याशी माझी तुलना कायमची ठरली. तुमच्यापैकी ज्यांना चुलत भावंडं आहेत त्यांना हे समजेल.

*

केस आणि खवले

आम्हाला एका कारागिराकडे नेलं. मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यात भुसा भरून त्यांना पुन्हा उभं करायचं, हा त्याचा धंदा. त्याच्या घराच्या मागच्या खोलीत पत्रा ठोकलेलं एक लांब टेबल होतं, भिंतीला तारांची भेंडोळी होती आणि सगळीकडे तुरटीचा आंबूस वास होता. खोलीत तो आणि त्याची लेक, दोघंच काम करायचे. लेक दिवसभर कपड्यांच्या दुकानात कपडे उसवून, आखडून, पुन्हा शिवून द्यायची आणि घरी आली की प्राणी शिवायची. तिचं म्हणणं असं की प्राणी बरे, फिटिंग आवडलं नाही म्हणून भांडत नाहीत.

मला तेव्हा डोळे नव्हते. त्या खोलीतलं जे सांगते, ते ऐकलेलं आणि अंगाला लागलेलं.

आधी शेकरूचं कातडं तयार झालं. त्याला विंचरलं, फुंकर घालून केस उभे केले, पुन्हा विंचरलं. माझ्या अंगावरून तेलाचा बोळा फिरवला. माझी पाळी आली तेव्हा कारागीर लेकीला म्हणाला, "हिची शिवण जरा सैल ठेव. मेल्यावर तरी पोटभर जेवल्यासारखी दिसू दे."

"बाबा, तुमच्या हातून एक तरी प्राणी उपाशी गेलाय का? मागचं हरीण गाभण वाटत होतं."

"मग? वाईट दिसत होतं?"

"वाईट नव्हतं दिसत. पण तो नर होता."

दोघं हसले. माझ्या पोटावर ठेवलेला त्याचा हातही हसला, म्हणजे हलला. मला तो हात आवडायचा. मीठ आणि तुरटी यांत वर्षानुवर्षं बुडून त्याच्या बोटांची टोकं जाड, टणक झाली होती, अगदी माझ्या पोटाच्या खवल्यांसारखी. शेकरूच्या मऊ केसांवरून ती बोटं फिरत तेव्हा खरखर आवाज होई. माझ्यावरून फिरत तेव्हा काही आवाज होत नसे.

पण त्या बोटांना आता डोळ्यांचं कामही करावं लागत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्यामागचा पडदा झिजत चालला आहे आणि त्याला आता उपाय नाही. मधोमध धूर दिसतो, असं तो लेकीला सांगायचा. चहाचा कप ठेवताना आधी टेबलाची कड चाचपायचा. साहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर आम्ही त्याच्याकडे आलोच नसतो.

"ही दोन झाली की हात धुऊन टाकायचे," तो एकदा तार वाकवता वाकवता म्हणाला. "पण ही नीट झाली पाहिजेत. शेवटच्या कामात चूक राहिली ना, की लोक आधीचं सगळं विसरतात आणि तेवढंच लक्षात ठेवतात."

लेकीने दोरा दाताने तोडला.

*

कान

शेकरूचे: गोल, उभे, केसाळ.
घोरपडीचे: फक्त दोन भोकं.

पण ऐकू येतं. मी सगळं ऐकत होते.

*

डोळे

त्या खोलीचा एकच नियम होता. डोळे शेवटी बसवायचे, आणि डोळे बसवताना कुणी बोलायचं नाही. हा नियम कारागिराच्या गुरूचा, आणि त्याच्या गुरूचा. कारण विचारलं तर तो दर वेळी वेगळं सांगायचा. कधी म्हणायचा, हात हलतो. कधी म्हणायचा, अगं, नव्याने बघायला लागणाऱ्यापुढे बडबड करू नये.

काचेचे डोळे तुम्ही कधी पाहिले आहेत का? शेकरूचे मोठे, टपोरे, गडद तपकिरी, थोडे बाहेर आलेले. घोरपडीचे त्याहून बारीक, चपटे, काळ्या बाहुलीभोवती पिवळसर कड. लेकीने दोन वाट्यांमध्ये दोन जोड काढून ठेवले आणि दिवा धरला. पुढचं मला लेकीच्याच तोंडून फार नंतर कळलं. कारागिराने शेकरूचं तोंड हातात घेतलं, हात लांबवला, आणि तो हात चुकीच्या वाटीत गेला.

तिने तोंड उघडलं. मग नियम आठवला, आणि नियमाच्या मागून बाकीचंही सगळं आठवलं.

त्याने शेकरूच्या खोबणीत ओली लांबी, खिडकीची काच बसवायला वापरतात ती, भरली, माझे बारीक डोळे तिच्यात दाबले आणि चिमट्याने पापण्या आवळून घेतल्या. मग तो माझ्याकडे वळला. लांबी कुठल्याही मापाला जागा करून देते. शेकरूचे मोठे डोळे माझ्या खोबणीत बसले, फक्त पापण्या ताणाव्या लागल्या. जाड बोटांच्या टोकांना तो ताण लागला नाही. त्याने अंगठा माझ्या डोळ्यावर ठेवला, कडेची लांबी पुसली आणि मोठा श्वास सोडला. तो श्वास म्हणजे नियम संपल्याची खूण असायची.

"कसं दिसतंय?" त्याने विचारलं.

मला पहिल्यांदा दिसलं ते लेकीचं तोंड. ते माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, शेकरूकडे पाहिलं आणि मग बापाकडे पाहिलं. तो हसत होता, आणि तिच्या उजव्या खांद्याच्या थोडं पलीकडे बघत होता.

"जिवंत," ती म्हणाली.

"मग झालं तर." त्याने हात धुतले. साबणाने, कोपरापर्यंत, दोनदा. पुसले. त्यानंतर त्याने कुठल्याच प्राण्याला हात लावला नाही.

*

पाटी

आमच्या कपाटाचं उद्घाटन झालं. पुष्पगुच्छ, टाळ्या, फोटो. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी आमच्याकडे पाठ करून फोटो काढले, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

ते लक्षात आलं पहाऱ्याच्या माणसाच्या. त्याला दिवसभर दुसरं काही बघायला नव्हतं. एका बाईंनी वर्गातल्या मुलांना पाटी वाचून दाखवली, शेकरूचे डोळे मोठे व टपोरे, घोरपडीचे बारीक, आणि मुलं एका सुरात म्हणाली की उलट आहे. बाईंनी मुलांना गप्प केलं. पहारेकऱ्याने मात्र पुढे येऊन पाहिलं, डोकं खाजवलं आणि साहेबांना सांगितलं.

साहेबांनी कारागिराला बोलावणं पाठवलं. आली लेक. बाबांना बरं नाही, म्हणाली. आमच्या कपाटासमोरच दोघं उभे राहिले. साहेब चांगले होते, आवाज चढवणारे नव्हते. काही अदलाबदल झाली असेल तर आत्ताच बदलून टाकू, कुणाला कळणारही नाही, असं ते म्हणाले.

मित्रांनो, लांबी तेव्हा पुरती वाळलेली नव्हती. मला माझ्या पापणीखाली ती अजून मऊ लागत होती.

लेक म्हणाली, "माझ्या बाबांनी जन्मभर प्राणी उघडून आतून बाहेरून पाहिलेत. पाटी लिहिणाऱ्याने किती पाहिलेत?"

साहेब विचारात पडले. पाटी त्यांच्या एका मेहुण्याने कुठल्यातरी पुस्तकातून उतरवली होती, आणि मेहुण्यावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. दुसऱ्या दिवशी रंगारी आला. त्याने शिडीवर चढून दोन शब्दांच्या जागा बदलल्या. "उद्या शेपटं बदलली तर एकदमच सांगा," म्हणाला, "सारखी शिडी आणायला परवडत नाही."

तेव्हापासून शाळांच्या शाळा आल्या आणि चुकीचं शिकून गेल्या.

*

स्वभाव

हे पाटीवर नव्हतं. मुलांनीच ठरवलं.

ताणलेल्या पापण्यांमुळे मी सतत दचकल्यासारखी, आत्ता रडेन अशी दिसायचे. लहान मुलं काचेला गाल लावून माझी समजूत काढायची. एकीने तिच्या वहीतलं चित्र मला दाखवलं. त्यात मी हसत होते. बागेतल्या हौदात ज्यांनी मला "चल पुढे" म्हटलं, त्यांचीच ही नातवंडं असतील.

आणि शेकरू? ज्याच्या शेपटाला जिवंतपणी लोक हात जोडायचे बाकी ठेवत, ते आता दोन बारीक पिवळ्या कडांमधून रोखून बघत होतं. त्याच्याकडे बघून मुलं आईच्या मागे लपायची. पहारेकऱ्याने त्याचं नावच 'साहेब' ठेवलं होतं. मला 'मावशी' म्हणायचा. रोज सकाळी काच पुसताना आम्हाला बातम्या सांगायचा: "मावशी, काल रात्रभर दाढ दुखली. साहेबांना सांगू नका, रजा टाकायचा विचार आहे."

मला कौतुक मिळालं. मित्रांनो, मी ते नाकारलं असतं असं सांगितलं तर ते खोटं होईल. हौदात राहिलेल्या जिवाला कौतुक गोड लागतं. पण त्या डोळ्यांनी बघायची मला सवय होईना. नजर आपोआप वर जायची. छताला एक तुळई होती, तिच्यापासून दिव्याच्या दांडीपर्यंत अंतर किती, तिथून झरोक्यापर्यंत किती, उडी बसेल का, हेच मोजत राहायची. मला उड्या येत नाहीत. मी नखं रोवून, पोट घासत चढणारी. आणि माझ्या शेजारी, झाडाच्या शेंड्याशिवाय ज्याने काही पाहिलं नव्हतं, ते माझ्या डोळ्यांनी जमिनीवरच्या फरश्यांच्या फटी न्याहाळत बसलं होतं. फटीतून मुंग्या निघायच्या. त्याला मुंग्यांचं काय करायचं होतं?

*

आवाज

शेकरू: कर्कश, तुटक, दूरवर ऐकू जाणारा.
घोरपड: फूत्कार.

कपाटात: दोघांचाही नाही.

*

बोटं

घरी कारागिराची दृष्टी पुरती गेली. लेकीचं लग्न झालं, नवरा याच घरात राहायला आला, एक मुलगी झाली. कोणीही भेटलं की कारागीर सांगायचा, संग्रहालयात जाऊन या, कोपऱ्यातलं कपाट बघा, माझं शेवटचं काम आहे. लोक जाऊन आले की त्यांना विचारायचा, कसं वाटलं? लोक म्हणायचे, घोरपड तर अशी बघते की वाटतं आत्ता बोलेल. तो मान डोलवायचा. शेकरूबद्दल कोणी फारसं बोलायचं नाही, आणि त्याचं त्याला नवल वाटायचं.

लेकीने स्वतःच्या मुलीला मात्र संग्रहालयात कधी नेलं नाही. आज दुकानात काम आहे, उद्या गर्दी असेल, परवा बघू. पण शाळेची सहल आईला विचारून जागा ठरवत नाही.

नात आमच्यासमोर उभी राहिली तेव्हा मी तिला लगेच ओळखलं. दिव्याच्या उजेडात पाहिलेलं तेच तोंड, फक्त लहान. ती सगळ्यांना सांगत होती, हे माझ्या आजोबांनी केलंय. कोणी विश्वास ठेवेना. तिने मग मला पाठ करायचं ठरवलं असावं, इतका वेळ ती बघत राहिली.

संध्याकाळी तिने आजोबांना सगळं सांगितलं. फांदी कशी, शेपटं कशी, खवले कसे. डोळ्यांपाशी आल्यावर शब्द पुरेनात, म्हणून तिने त्यांचा तळहात उघडला आणि त्यावर बोटाने गोल काढला. घोरपडीचा एवढा. मग दुसरा काढला. शेकरूचा एवढासा.

"उलट सांगतेयस," आजोबा म्हणाले.

"नाही आजोबा. मी दोनदा पाहिलं. आणि पाटीवरपण तसंच आहे."

स्वयंपाकघरात लेकीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं, आणि नळ वाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लेक कामावर गेल्यावर, तो नातीचा हात धरून संग्रहालयात आला. त्याने पहारेकऱ्याला आपण कोण ते सांगितलं. पहारेकऱ्याने जास्त काही विचारलं नाही. आम्हाला मावशी आणि साहेब म्हणणारा तो माणूस, त्याने किल्ली काढली आणि कपाट उघडलं. इतक्या वर्षांनी आत वारा आला.

त्याचा हात माझ्या पाठीवर पडला आणि मी तो ओळखला नाही. काम सुटल्यापासून मीठ सुटलं होतं, तुरटी सुटली होती. बोटं मऊ पडली होती. बाळाच्या बोटांसारखी. ती माझ्या कपाळावरून खाली आली, ताणलेल्या पापणीवर थांबली, डोळ्याच्या गोलावरून फिरली. एकदा. पुन्हा एकदा. मग ती शेकरूकडे गेली. तिथे ती फार थांबली नाहीत.

जे त्या दिवशी बोटांना लागलं नव्हतं, ते आज लागलं.

"कपाट लावून घ्या," तो पहारेकऱ्याला म्हणाला.

लेक धावत आली तेव्हा तो समोरच्या बाकावर बसला होता. शेजाऱ्यांनी तिला दुकानात निरोप दिला होता. ती त्याच्या शेजारी बसली. नात दोघांकडे बघत होती आणि आपण काय चुकीचं केलं ते शोधत होती.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"बोलली नाहीस."

"तुम्हीच म्हणायचात, डोळे बसवताना बोलायचं नाही."

तो थोडा हसला. तेच हसू, तसंच तिच्या खांद्यापलीकडे बघणारं.

"बसवताना, बाळा," तो म्हणाला. "बसवून झाल्यावर बोलायला कोणी अडवलं होतं?"

*

सुट्टी

कारागीर संग्रहालयाच्या साहेबांकडे गेला. चूक त्याची आहे, पाटी आधी होती तीच बरोबर होती, दोन्ही प्राण्यांना घरी पाठवा, तो सांगेल आणि लेक तिच्या हाताने डोळे बदलेल. साहेबांनी ऐकून घेतलं. नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं, कारण मग त्याने वाट पाहिली नसती. ते म्हणाले, शाळांना सुट्टी लागली की पाठवतो.

सुट्टीत वरून तपासणी आली. तपासणी झाल्यावर भिंतींना रंग लागला. रंग वाळेपर्यंत शाळा सुरू झाल्या. पुढच्या सुट्टीत साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. त्यांनीही नाही म्हटलं नाही.

घरी मागच्या खोलीतलं टेबल झाडून ठेवलं होतं. कपाटातून दोन नवे जोड काढून दोन वाट्यांमध्ये ठेवले होते. संध्याकाळी दार वाजलं की तो विचारायचा, "आले का?" कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं. दूधवाल्यालासुद्धा. दूधवाला म्हणायचा, आज नाही काका, रस्त्यात गर्दी होती, उद्या येतील.

तो वाट बघतच गेला. खोलीत जाऊन टेबलाची कड चाचपली, खुर्चीवर बसला, आणि मग उठला नाही.

*

घर

शेकरूचं: झाडाच्या शेंड्याशी, काटक्यांचं, गोल.
घोरपडीचं: बिळात, कपारीत, ढोलीत.

सध्याचं: जिन्याखालची कोठी.

आमच्या दालनात आता पडदे लावले आहेत, बोट लावलं की त्यावर प्राणी पळतात. आम्ही पळत नव्हतो. आम्हाला खाली आणलं, पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली, वरून एक चादर टाकली. शेकरूच्या शेपटाला कसर लागली. माझ्या पाठीवरचे खवले सुटायला लागले. काच पुसणारा पहारेकरी निवृत्त झाला, जाताना खाली येऊन चादर उचलून म्हणाला, "मावशी, येतो. साहेब, येतो." त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने साहेबांच्या अंगावरून हात फिरवला.

मग एक दिवस लेक आली. केस पांढरे, हातात डबा. आता आमचं कोणालाच काही पडलं नव्हतं, म्हणून परवानगी लगेच मिळाली.

तिने दिवा लावला, बाही दुमडली, ओल्या कापसाने शेकरूची पापणी भिजवली आणि वाट बघत बसली. आणि मित्रांनो, ती बोलत होती. बाबांचा नियम मोडून सगळा वेळ बोलत होती. वाट्या, दिवा, साहेब, रंगारी, तळहातावरचे गोल, दूधवाला, हे सगळं मला तिथे कळलं. ती शेकरूला सांगत होती की माझ्याकडे बघून, की त्या रिकाम्या कोठीला, ते मला कळलं नाही.

शेकरूचा डावा डोळा निघाला. तिने डब्यातला मोठा, तपकिरी डोळा बसवला, पापणी ओढून घेतली. आणि मी पाहिलं. त्याच्याच जातीच्या डोळ्यांनी मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. अर्धं तोंड एकदम कोवळं झालं. जाळीच्या पिंजऱ्याखाली मान वर करून उभे असणारे लोक काय बघत होते, ते मला तेव्हा समजलं.

मग तिने उजव्या बाजूला हात घातला. या बाजूची लांबी दगडासारखी झाली होती. तिने फार हळू काम केलं, तिच्या हातात खोट नव्हती. पण कातडं जुनं झालं होतं. पापणीपासून कानापर्यंत ते फाटत गेलं, कागदासारखं, आवाज न करता. आतला भुसा खाली सांडला.

ती थांबली. भुसा तळहाताने गोळा केला, तो कुठे ठेवावा हे न कळून तशीच मूठ धरून बसली.

माझ्याकडे वळली तेव्हा बराच वेळ झाला होता. तिने माझी पापणी भिजवली नाही. चिमटा उचलला नाही. अंगठा फक्त माझ्या डोळ्यावर ठेवला, जिथे त्याने ठेवला होता तिथे.

"तुझे राहू देत," ती म्हणाली. "हे त्यांनी सगळ्यात शेवटी बसवले."

तिने फाटलेली बाजू भिंतीकडे केली, आमच्यावर चादर घातली आणि दिवा घेऊन गेली.

*

मागणं

मित्रांनो, मला पुन्हा काचेत ठेवा असं मी म्हणणार नाही. पडदे चांगले आहेत, त्यांना कसर लागत नाही. तुम्ही बागेत गेलात तर हौदाशीही थोडं थांबा, एवढं म्हणेन; आणि पाटी वाचण्याआधी प्राणी बघा.

खरं मागणं वेगळं आहे. आपल्या माणसाच्या हातून काही चुकलं, तर त्याचा हात चालू असताना हवं तर गप्प राहा. हात हलतो, हे खरं आहे. पण त्याने श्वास सोडला, की सांगा. प्रेमाने सांगा, हसत सांगा, भांडून सांगा, पण लांबी ओली आहे तोवर सांगा. ओली असते तेव्हा बोटानेसुद्धा सरकते. वाळल्यावर डोळा निघत नाही, तोंड फाटतं.

आणि त्याची शेवटची चूकच तेवढी लक्षात राहू नये, म्हणून हेही सांगते: कारागिराने भरलेला पहिला प्राणी म्हणजे शेजाऱ्यांचं मांजर. लेक तेव्हा नुकती चालायला लागली होती; तिने त्याच्यापुढे दुधाची बशी आणून ठेवली होती.